खंडेनवमीची करवत

"एकदा हातात तर घेऊन बघा, साहेब," निकम म्हणाले आणि त्यांनी ती करवत काउंटरवरून माझ्याकडे सरकवली.

मी घेतली नाही. दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि वजन किती असेल, असं उगाच विचारलं. कराडच्या बाजारपेठेतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक, वय वर्षं सेहेचाळीस, एका बंद यंत्राला हात लावायला घाबरतो, हे त्यांना दिसू नये एवढीच माझी इच्छा होती.

शेवटी निकमांनीच बॅटरी घातली आणि करवत उचलून दाखवली. हातभर लांबीचं धूड, पुढे बशीएवढं गोल पातं आणि मागे मूठ. मुठीच्या बाजूला एक काळं बटण होतं. ते लॉक. ते दाबल्याशिवाय खटका ओढला जात नाही, म्हणजे चुकून बोट लागलं तरी करवत सुरू होत नाही. पात्याच्या खालच्या बाजूला गार्ड होता. फळीत शिरताना तो आपोआप मागे सरतो आणि फळीतून बाहेर आलं की स्प्रिंगनं पुन्हा पात्यावर येऊन बसतो. निकमांनी तो बोटानं मागे ओढून सोडला. टक् आवाज करून त्यानं पातं झाकलं.

"हे लॉक आणि हा गार्ड. ह्या दोन गोष्टी जागेवर आहेत तोवर भ्यायचं काही कारण नाही," ते म्हणाले.

माझं भ्यायचं कारण घरी बसलेलं होतं, ते त्यांना काय माहीत.

आण्णा, म्हणजे माझे वडील, हाडाचे सुतार. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्या जन्माआधीच वखारीतल्या गोल करवतीनं नेलं होतं. अंगठा आणि दोन बोटं एवढ्याच हातानं त्यांनी मला घास भरवले, पाठीवर हात फिरवला, शाळेच्या अर्जावर सह्या केल्या. बोटं कशी गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईला माहीत असणार, पण मी नववीत असताना ती गेली. वखार सोडल्यावर आण्णांनी हातकरवत, रंधा आणि पटाशी यांच्यावर संसार केला. विजेवर फिरणाऱ्या पात्याजवळ ते पुन्हा गेले नाहीत आणि मला कुठल्याच हत्याराजवळ जाऊ दिलं नाही. लहानपणी मी पटाशी उचलली तर ते ओरडत नसत. कामावरून उठून यायचे, माझं एकेक बोट सोडवायचे आणि पटाशी काढून घ्यायचे. त्यामुळे सुताराच्या पोटी जन्मूनही मला खिळा सरळ ठोकता येत नाही. भीती मात्र वारसाहक्कानं पुरेपूर मिळाली. मिक्सरचं भांडं काढतानासुद्धा मी आधी प्लग उपसतो, आणि रोहिणी, माझी बायको, त्यावरून मला माहेरच्या माणसांसमोर हसते.

असा माणूस करवत विकत घ्यायला निघाला, तो न्हाणीघराच्या पायरीपायी. श्रावणात आण्णा त्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघे आधीच गेलेले, त्यात मनानं धसका घेतला. पायरी आली की भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि रोहिणीला हाक मारायचे. सुनेला हाक मारावी लागते याची त्यांना लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, पायरीवर लाकडी उतरण करून घ्या, बाजूला धरायला कठडा बसवा. मी तीन सुतारांना फोन केले. एवढ्याशा कामाला कुणी यायला तयार नव्हतं. एक जण येतो म्हणाला, त्याची आम्ही दोन रविवार वाट पाहिली. तेवढ्यात एक दिवस आण्णाच जुनी करवत घेऊन फळीवर गुडघा टेकायला निघाले आणि तिथंच कलंडले. मग मी ठरवलं की हे काम आपणच करायचं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यांत सगळे जण हसत हसत फळ्या कापतात.

निकमांकडे दोन करवती होत्या. एक नावाजलेल्या कंपनीची आणि दुसरी निम्म्या किमतीची, नाव कधी न ऐकलेलं. फरक विचारला तर निकम सरळ बोलले. चांगलीला ब्रेक होता, खटका सोडला की पातं तिथल्या तिथं थांबायचं. स्वस्तातलीचं पातं सोडल्यावरही जरा वेळ फिरत राहायचं, आणि गार्डची स्प्रिंग थोडी मऊ होती. घरगुती कामाला काही हरकत नाही, असंही ते म्हणाले. एका उतरणीपुरतं यंत्र, त्याला एवढा थाट कशाला, असा विचार करून मी स्वस्तातली घेतली. आयुष्यभर कमी दराच्या निविदा मंजूर झालेल्या पाहणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचणं कठीणच.

करवत मी गच्चीवरच्या खोलीत ठेवली. आण्णांना गच्चीचा जिना चढवत नव्हता, म्हणजे त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. पण त्याच संध्याकाळी बॅटरी लावून मी ती एकदा चालवून पाहिली. दोनच क्षण. खाली आलो तर आण्णा खुर्चीतून उठून जिन्याच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांचा उजवा हात धोतराच्या घडीत लपलेला होता.

"काय आणलंयस वर?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तो आवाज त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांनीही ओळखला होता. मी सांगितलं. तुमच्या उतरणीसाठीच आणली, हेही सांगितलं.

"दिऊन ये माघारी."

मी नाही म्हटलं. लॉक कसं असतं, गार्ड कसा असतो, आताची यंत्रं तेव्हासारखी नसतात, हे सगळं निकमांच्या शब्दांत त्यांना ऐकवलं. ते ऐकतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. "मला नगं तुजी उतरण. मी भित्त धरून जाईन, न्हाईतर सरपटत जाईन. ती घरात नगं," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. मला राग आला. खरं म्हणजे भीती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाटत होती, आणि ती कुणीतरी उघडी पाडली की माणसाला राग येतो.

"तुमचं लक्ष नव्हतं म्हणून तुमची बोटं गेली," मी म्हणालो. "प्रत्येकाचीच जातील असं नाही."

हे मी कुठून तरी ऐकलेलं होतं. खरं की खोटं, ठाऊक नव्हतं. आण्णा वळले, खुर्चीत जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. रोहिणीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीही अर्ध्या पोटी उठलो.

आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. तशातच खंडेनवमी आली. सुताराच्या घरात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. हत्यारं धुवायची, तेल लावायचं, पाटावर मांडायची, हळदकुंकू, अक्षता, झेंडू वाहायचा आणि त्या दिवसापासून दसरा उलटेपर्यंत एकाही हत्याराला कामाला लावायचं नाही. आण्णांनी पाट मांडला. हातकरवत, रंधा, वाकस, पटाश्या. मोडक्या दांड्याचा हातोडासुद्धा त्यांनी पुसून ठेवला. वर ठेवलेल्या करवतीचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. पण मनात लागलंच. घरातलं एकुलतं एक नवं हत्यार, तेही त्यांच्यासाठीच आणलेलं, आणि त्याला साधी हळदीची बोटं नाहीत. त्या दुपारी मी आणि रोहिणी तिच्या बहिणीकडे मलकापूरला गेलो. आण्णा घरी एकटेच होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मी वर गेलो आणि बघतो तर करवतीची पूजा झालेली. मुठीला लाल दोऱ्याचे पाच-सात घट्ट वेढे होते आणि त्यांत झेंडूचं फूल खोवलेलं होतं. पात्यावर कुंकू होतं आणि खाली चार-दोन तांदूळ सांडलेले होते. मला हसू आलं. रोहिणी स्कूटर पुजते, मिक्सर पुजते, एका वर्षी तिनं टीव्हीच्या रिमोटलाही कुंकू लावलं होतं. तिचीच करामत, म्हणून मी मनातल्या मनात तिला शाबासकी दिली. तांदूळ झटकले, फूल काढून बाजूला ठेवलं. दोरा काढायला बोट घातलं आणि थांबलो.

तो दोरा नेमका लॉकच्या बटणावरून गेला होता. हे मी पाहिलं होतं, आणि आजही ते नाकारत नाही. पण पूजेचा दोरा तोडायला हात धजला नाही. तो आपण होऊन गळून पडेपर्यंत ठेवायचा, असंच आमच्याकडे करतात. आण्णांच्या रंध्याला गेल्या वर्षीचा दोरा वर्षभर असतो. आणि खरं सांगायचं तर तो दोरा पाहून मला धीर आला होता. रात्रभर मला झोप नव्हती. तो लाल दोरा मुठीत आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलं काही वाईट व्हायचं नाही.

दोन स्टुलांवर प्लायवूड आडवं टाकलं. पलीकडचं टोक धरायला रोहिणी उकिडवी बसली. "अहो, चष्मा," ती म्हणाली. मी चष्मा चढवला. गार्ड एकदा मागे ओढून सोडला, तो टक् करून बसला. बॅटरी सरकवली. पेन्सिलीच्या रेघेवर करवत टेकवली आणि खटका ओढला.

फळीतून भुसा उडून तोंडावर येत होता, डोळ्यांसमोर रेघ दिसेनाशी व्हायची आणि पुन्हा दिसायची. मनगटं इतकी ताठ झाली होती की खांद्यापर्यंत कळ गेली. मी रेघेकडे बघत होतो, पण दिसत होता तो आण्णांचा हात. आता माझा असा होणार, आता होणार, एवढंच डोक्यात होतं. अर्ध्यावर आलो. पाऊण फळी कापली. मग एकदम हात हलका झाला आणि कापलेला तुकडा धाडकन खाली पडला. झालं होतं. मी खटका सोडला, हुश्श केलं आणि व्हिडिओतल्या माणसासारखी करवत ऐटीत पायाशेजारी खाली घेतली.

गार्ड बसला नव्हता.

तो टक् आवाज आला नाही, हे मला जमिनीला पातं लागल्यावर कळलं. पातं अजून फिरत होतं. फरशीला लागताच करवतीनं हिसडा दिला आणि दचकून मी मूठ आवळली. बोट खटक्यावर होतं. लॉक असतं तर काही झालं नसतं, पण लॉक दोऱ्याखाली दाबलेलंच होतं. करवत पूर्ण वेगानं सुरू झाली आणि माझ्या हातातून निसटली. पात्याच्या दातांवर गाडीच्या चाकासारखी ती फरशीवरून सरळ रोहिणीकडे धावली. ठिणग्या उडत होत्या. रोहिणी उकिडवी होती, तिला उठायलाही वेळ नव्हता. मी तिचं नाव घेतलं की नाही, आठवत नाही. करवत तिच्या पायावर जाऊन आदळली, आडवी झाली, गरगरली आणि हळूहळू गप्प झाली.

मी तिच्या पायाकडे बघू शकलो नाही. डोळे मिटून घेतले. लाज वाटते सांगायला, पण घेतले.

"काही नाही झालं," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "अहो, बघा, काही नाही झालं."

तिच्या रबरी चपलेचं पुढचं टोक कापलं गेलं होतं. अंगठ्यापासून बोटभर अंतरावर, सुरीनं पावाची कड कापावी तसं सरळ. अंगठा शाबूत होता. ती तो हलवून बघत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

जरा वेळानं मी आधी बॅटरी काढली आणि मग करवत हातात घेतली. गार्ड मागे अडकलेला होता. बिजागरीच्या फटीत नखानं उकरलं, तर तिथं ओली होऊन वाळलेली हळद होती आणि त्या हळदीत घट्ट बसलेला तांदळाचा एक दाणा. पात्याला कुंकू लावताना गार्ड मागे ओढून अक्षता वाहिल्या असणार. एक दाणा आत राहिला, आणि फळी कापताना गार्ड पार मागे गेला तसा तो फटीत सरकून पाचरीसारखा बसला. मऊ स्प्रिंगला तेवढा एक दाणा पुरला. दाणा काढला आणि गार्ड टक् करून जागेवर आला.

"पूजा करताना जरा बघून करायची ना गं," मी म्हणालो.

रोहिणी माझ्याकडे बघत राहिली. "मी कुठं केली पूजा?" ती म्हणाली. "मी तर वर आलेच नाही. मला वाटलं, तुम्हीच केलीत."

मी करवत उलटी केली. मोटरीच्या बाजूला, जिकडे सकाळपासून मी पाहिलंच नव्हतं, तिकडे हळदीच्या हाताचा ठसा होता. अंगठा आणि दोन बोटं. पुढे काही नव्हतं.

आम्ही दोघं त्या ठशाकडे बघत होतो तेव्हाच जिन्यात आवाज आला. खरडल्यासारखा, थांबून थांबून. मी धावत दाराशी गेलो. आण्णा जिना चढून येत होते. दोन्ही हात पायरीवर टेकून, गुडघे ओढत, रांगत. धोतर सुटलं होतं. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. करवतीचा आवाज मध्येच बदलला, मग काहीतरी पडलं आणि मग सगळं शांत झालं, एवढं त्यांना खाली ऐकू आलं होतं. त्या शांततेचा अर्थ त्यांच्याइतका आमच्या घरात कुणाला कळणार.

माझ्या मुठीत अजून तो दाणा होता. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी तो तोंडात टाकला. हळदीची कडवट चव आली. मागे रोहिणीनं पायानंच ती कापलेली चप्पल फळीखाली सारली.

आण्णांना धरून उंबऱ्यावर बसवलं. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि आपल्या तीन बोटांनी माझं एकेक बोट चाचपायला लागले. ओठ हलत होते. मोजत होते. दहा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"फळी पडली आण्णा, बाकी काही नाही," मी सांगितलं.

"हाईत. सगळी हाईत," ते म्हणाले आणि माझे हात कपाळाला लावून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

मग त्या उंबऱ्यावर बसून त्यांनी ते सांगितलं, जे चाळीस-पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. वखारीत दरवर्षी नवमीला करवत पुजायचे. त्या वर्षी मालकाला कुठल्याशा मोठ्या मंडपाचा माल द्यायचा होता. पूजा मागाहून करू, आधी माल काढा, असं तो म्हणाला. नवमीला करवत चालली, दसऱ्यालाही चालली. आण्णांना ते पटत नव्हतं, पण नवी नोकरी होती आणि नवं लग्न होतं, ते बोलले नाहीत.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी तिनं हात वडला," आण्णा म्हणाले. "लोक म्हणत्यात लक्ष नव्हतं. लक्ष हुतं रे. लक्ष माजं कायम हुतं. पुजा चुकली हुती. आज त्योच दिवस हाय. म्हणून परवा तुमी गेल्यावर मी वर आलो, असाच बसत बसत. मला ती डोळ्यापुढं नगं हुती, पर तू काय ऐकणार न्हवतास. मग तिलाच सांगितलं. म्हटलं, माजी घेतलीस, बास झालं. पोराची सगळी तशीच ऱ्हाऊ दे."

त्यांनी डोळे पुसले आणि करवतीकडे पाहिलं. "ऐकलं बघ तिनं," ते म्हणाले.

रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर अजून हळद होती.

"हो आण्णा," मी म्हणालो. "ऐकलं."

उतरण त्याच आठवड्यात पुरी झाली. लॉकवरचा दोरा मी त्यांच्या नकळत उतरवून मुठीच्या मागच्या टोकाला बांधला. आण्णांनी उतरणीवर पाय ठेवला, कठडा धरला आणि रोहिणीला हाक न मारता न्हाणीघरात गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, कडा रंधून घ्यायला पाहिजेत, पायाला लागतात. मग स्वतःच रंधा घेऊन बसले आणि दोन तास कडा रंधत राहिले. मी त्या दिवशी जे बोललो होतो, त्याची माफी मागायची होती. मागता आली नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

पुढची चार वर्षं दर खंडेनवमीला नवी करवत पाटावर मधोमध असायची. पूजेआधी बॅटरी काढून मी कपाटात कुलपात ठेवायचो आणि दसऱ्यानंतर जुना दातांचा ब्रश घेऊन गच्चीवर जायचो. आण्णांना वाटायचं, मी तिला तेल लावतो. आणि गच्चीवर काही कापून खाली आलो की मी न सांगता त्यांच्या खुर्चीसमोर हात पुढे करायचो. ते मोजायचे. दहा झाली की म्हणायचे, "जा, जेव."

शेवटच्या आजारपणात त्यांनी एकच विचारलं. मी गेल्यावर पूजा चुकवणार नाहीस ना, असं. नाही म्हटलं. "त्या दिशी तिनंच वाचिवलं तुला," ते म्हणाले. मी होकार दिला. त्यांच्याशी मी आयुष्यात एवढं एकच खोटं बोललो, आणि ते अखेरपर्यंत नेलं.

आता पाट मी मांडतो. बॅटरी आधी काढतो, मग हात जोडतो. अक्षता मूठभर वाहत नाही. तांदळाचे दाणे पाच घेतो, मोजून, आणि दसरा झाल्यावर तेच पाच मोजून परत काढतो. पाचही हाताला लागेपर्यंत बॅटरीला शिवत नाही.

गेल्या वर्षी चारच मिळाले. ब्रशनं सगळ्या फटी झाडल्या, गार्ड उघडून पाहिला, पाट उलटा केला. मिळेना. मी बिजागरीचे स्क्रू काढायला बसलो. रोहिणी शेजारी बसली आणि फरशीवर हात फिरवत शोधायला लागली. जेवणवेळ टळून गेली. शेवटी आण्णांच्या रंध्याला वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्यांत तिला तो सापडला.

तिनं पाचवा दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मग माझा हात तसाच धरून ठेवला आणि एकेक बोट मोजलं.

"जा, जेवून घ्या," ती म्हणाली.